खांद्याचा तुकडा आणि मंद आच

स्वयंपाकातला सोपेपणा आपण घड्याळावर मोजतो. वीस मिनिटांत होणारी भाजी सोपी आणि चार तास लागणारा पदार्थ कठीण, हे गणित घराघरांत पक्कं बसलेलं आहे. त्यात एक गफलत आहे. वीस मिनिटांच्या भाजीत वीसच्या वीस मिनिटं कुणीतरी गॅससमोर उभं असतं. फोडणी जळू द्यायची नसते, कांदा तळाला लागू द्यायचा नसतो, पाणी आटलं की पुन्हा घालायचं असतं. चार तासांचा पदार्थ मात्र साडेतीन तास बंद दाराआड आपला आपण शिजणार असेल, तर घरातल्या माणसाचे हात त्यात अर्धा तासच अडकतात. दिवसभर काम करून घरी आलेल्या किंवा रविवारी जरा निवांत बसू पाहणाऱ्या माणसाला जे थकवतं, ते हे उभं राहणं. म्हणून माझं म्हणणं असं, की ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजलेला डुकराचा खांदा हे पाच-सहा माणसांच्या घरासाठी सर्वांत सोप्या सामिष जेवणांपैकी एक आहे. त्याचं कारण एखाद्या खास पाककृतीत शोधायला गेलं तर सापडणार नाही. ते मांसाच्या त्या तुकड्याच्या घडणीत आहे.

हे लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ती पोर्क खाणारी घरं: वसईतली आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांतली ख्रिस्ती कुटुंबं, गोव्यातली घरं, आणि परदेशात राहणारी अशी मराठी कुटुंबं की ज्यांच्या स्वयंपाकघरात ओव्हन घराबरोबरच येतो. धर्मामुळे किंवा मनाला पटत नाही म्हणून जे डुकराचं मांस खात नाहीत, त्यांचं मन वळवण्याचा इथे हेतू नाही. तो प्रत्येकाचा प्रश्न. पण आपल्याकडे या प्राण्याभोवती श्रद्धेखेरीज आणखी एक गोष्ट चिकटलेली आहे, ती म्हणजे जातीची हीनता. नागराज मंजुळे यांच्या 2013 च्या ‘फँड्री’ या चित्रपटाचं नाव म्हणजे कैकाडी बोलीतला डुकरासाठीचा शब्द. डुकराशी नाव जोडलं गेलं की माणसाला गावात कुठे उभं केलं जातं, याचाच तो चित्रपट आहे. एखादं अन्न घाणेरडं ठरवताना आपण बहुतेक वेळा ते खाणाऱ्यालाच घाणेरडं ठरवत असतो. ही गोष्ट मान्य केल्याशिवाय डुकराच्या मांसाविषयी मराठीत मोकळेपणानं बोलता येत नाही, म्हणून ती आधीच सांगितली.

आता त्या तुकड्याकडे वळू. डुक्कर चालताना, उकरताना, मान खाली घालून खाताना खांद्याचे स्नायू सतत राबत असतात. राबणाऱ्या स्नायूंना एकत्र बांधून ठेवायला शरीर त्यांच्यामध्ये कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं जाळं विणतं. कच्च्या मांसात सुरी अडवणारे पांढरे पापुद्रे दिसतात ते याचे. पाठीच्या कण्यालगतचे स्नायू फारसे राबत नाहीत. तिथलं मांस मऊ, कमी चरबीचं, दिसायला देखणं आणि म्हणून महाग असतं. पोर्क चॉप त्याचेच पडतात. नवशिक्या माणसाला वाटतं, महाग आणि मऊ तुकडा घेतला की काम सोपं होईल. होतं नेमकं उलटं. मांस तापू लागलं की साधारण 50 अंश सेल्सिअसपासून त्यातली प्रथिनं आकसायला लागतात, आणि 65 अंशांच्या पुढे ती आपल्यातलं पाणी पिळून बाहेर टाकतात. पाठीच्या मांसात हे पाणी गेलं की त्याची जागा घेणारं काही उरत नाही. पाच मिनिटं उशीर झाला तर चॉपचा पुठ्ठा होतो. खांद्याच्या तुकड्यातूनही पाणी जातंच. पण 70 अंशांच्या पुढे त्यातलं कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होऊ लागतं, आणि 80 ते 90 अंशांच्या टप्प्यात हे काम जोरात चालतं. जिलेटिन आणि वितळलेली चरबी स्नायूंच्या धाग्यांमध्ये पसरून राहतात आणि मांस पुन्हा रसाळ लागतं. काट्यानं धागे सुटायला लागतात तेव्हा तुकड्याच्या आतलं तापमान 90 ते 93 अंश असतं. तो वीस मिनिटं जास्त राहिला तरी बिघडत नाही.

सगळ्या युक्तिवादाचा कणा इथे आहे. मांस खायला सुरक्षित होण्याचा उंबरठा एक, आणि मऊ होण्याचा उंबरठा दुसरा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं 2011 साली डुकराच्या अख्ख्या तुकड्यासाठी सुरक्षित तापमान 71 अंशांवरून 63 अंशांवर आणलं, आणि त्यानंतर तीन मिनिटं मांस तसंच मुरू द्यायला सांगितलं. खिम्यासाठी मात्र 71 अंशच कायम ठेवले, कारण दळताना पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. पाठीच्या मांसाला 63 अंशांवर थांबवावं लागतं, नाहीतर ते कोरडं होतं. म्हणजे तिथे सुरक्षितता आणि चव एकाच अरुंद रेषेवर उभ्या असतात आणि रांधणाऱ्याला त्या रेषेवर तोल सांभाळावा लागतो. खांद्याचा तुकडा 63 अंशांवर सुरक्षित असतो, पण चिवट असतो. तो खाण्याजोगा होण्यासाठी त्याला अजून जवळजवळ तीस अंश वर चढायचं असतं. मऊ लागेपर्यंत शिजवलेला खांदा कच्चा राहण्याची भीतीच उरत नाही. नवशिक्याला वाचवणारा पदार्थ म्हणतात तो असा.

तरीही ‘डुकराच्या मांसातून मेंदूत जंत जातात’ ही धास्ती घराघरांत आहे, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. डुकराशी संबंध असलेले मुख्य परजीवी दोन. एक ट्रायकिनेला. 1835 साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकणाऱ्या जेम्स पॅजेट या विद्यार्थ्याला शवविच्छेदनात माणसाच्या स्नायूंमध्ये त्याचे ठिपके दिसले होते. दुसरा, आपल्या देशाच्या दृष्टीनं फार महत्त्वाचा, तो डुकराचा पट्टकृमी. त्याच्याविषयीचा गैरसमज नीट सोडवला पाहिजे. अर्धकच्च्या मांसातून माणसाच्या पोटात जातो तो आतड्यात राहणारा जंत. मेंदूत गाठी होऊन फिट येतात त्या मात्र या जंताची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि ही अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. ती घाण पाण्यातून, न धुतलेल्या पालेभाजीतून, अस्वच्छ हातांतून कुणाच्याही पोटात जाऊ शकते. म्हणूनच जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हा परजीवी जिथे ठाण मांडून आहे अशा प्रदेशांतल्या अपस्माराच्या रुग्णांपैकी सुमारे 30 टक्क्यांमागे तो असतो. डुकराला तो होतो तोही उघड्यावरची मानवी विष्ठा खाल्ल्यानं. म्हणजे या साखळीच्या मुळाशी आहे ती शौचालयांची वानवा.

ग्राहकानं यातून घ्यायचं ते एवढंच, की मांस बंदिस्त गोठ्यात पाळलेल्या, खाद्य देऊन वाढवलेल्या जनावराचं असावं आणि ते खात्रीच्या दुकानातून घ्यावं. मुंबई-गोव्यात ज्यांना लोक ‘कोल्ड स्टोरेज’ म्हणतात त्या दुकानांत ‘शोल्डर’ मागितलं की हा तुकडा मिळतो. मांसात भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके पाणीदार दाणे दिसले तर ते मांस घेऊ नये. पट्टकृमीच्या गाठी अशाच दिसतात. बाकी 90 अंशांच्या पुढे नेलेल्या तुकड्यात यातलं काहीही जिवंत राहत नाही. 2020 मध्ये आसामात शिरलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरची बातमी वाचून अनेकांनी पोर्क सोडलं होतं. तो रोग डुकरांसाठी जीवघेणा आहे, पाळणाऱ्यांचं त्यानं अतोनात नुकसान केलं, पण माणसाला तो होत नाही.

दुसरा आक्षेप असा, की ओव्हनमध्ये भाजणं ही आपली पद्धतच नाही. आपण कालवण करणारे लोक. यात अर्धंच सत्य आहे. बंद जागेत, कोरड्या उष्णतेत, हात न लावता अन्न शिजू देणं कोकणाला पुरेपूर ठाऊक आहे. रायगडच्या पोपटीत मडक्याच्या आत भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा आणि मसाला लावलेली कोंबडी भरून बाहेर जाळ करतात. मडकं हाच ओव्हन. डुकराच्या बाबतीत तर दुवा आणखी थेट आहे. वसई 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, गोवा त्याहून कितीतरी जास्त काळ. त्या काळानं इथल्या ख्रिस्ती स्वयंपाकघराला दिलेल्या पदार्थांत विंदालू सगळ्यांत प्रसिद्ध. त्याचं मूळ नाव सांगतं ते मद्य आणि लसणीत मुरवलेल्या मांसाविषयी. इथे आल्यावर मद्याची जागा माडाच्या व्हिनेगरनं घेतली आणि मिरची-मसाल्यानं त्याचा रंगच पालटला. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाकार्याला होणारं पोर्कचं इंद्याल याच कुळातलं. पण आपल्या विषयाशी खरं नातं आहे ते गोव्याच्या आसादचं. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी ‘भाजलेलं’. घरात ओव्हन नव्हता, म्हणून मांसाचा मोठा तुकडा अख्ख्या मसाल्यांसह जाड बुडाच्या भांड्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर परतत-मुरवत शिजवला गेला आणि नाव मात्र भाजण्याचंच राहिलं. तो तुकडा आज ओव्हनमध्ये ठेवला तर परकं काही घडत नाही. पदार्थ आपल्या नावाकडे परत जातो, इतकंच.

कुकरचं काय, हा प्रश्न मला यातला सर्वांत वजनदार वाटतो. कुकरच्या आतल्या दाबामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं आणि कोलॅजन विरघळण्याचं चार तासांचं काम पाऊण तासात उरकतं. गॅसही कमी लागतो. सोरपोतेल किंवा विंदालूसारखं रश्श्याचं कालवण करायचं असेल तर कुकर वापरावा, त्यात कमीपणा काही नाही. पण कुकरमध्ये मांस पाण्यात आणि वाफेत असतं. मांसाच्या पृष्ठभागावर खरपूस तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास येतो तो प्रथिनं आणि साखरा यांच्या संयोगातून. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 साली या क्रियेचं वर्णन केलं आणि ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. ती जोरात चालायला पृष्ठभाग कोरडा लागतो आणि तापमान 140 अंशांच्या घरात लागतं. कुकरमध्ये यातलं एकही नसतं, म्हणून आधी तुकडे परतून घ्यावे लागतात, मसाला वेगळा भाजावा लागतो, शेवटी रस्सा आटवावा लागतो. वाचलेल्या वेळेची किंमत आधी आणि नंतर उभं राहून द्यावी लागते. शिवाय वितळलेली सगळी चरबी रश्श्यात मिसळून जाते. ओव्हनच्या ट्रेमध्ये ती खाली साचते आणि हवी तेवढी ओतून टाकता येते.

आता प्रत्यक्ष कृती. दीड किलो बिनहाडाचा खांदा घ्यावा, वरचा चरबीचा थर तसाच ठेवावा. शिजल्यावर त्याचं साधारण नऊशे ग्रॅम ते एक किलो मांस उरतं, म्हणजे सहा जणांना पोटभर. मिठाचं प्रमाण अंदाजावर न सोडता मांसाच्या वजनाच्या दीड टक्क्याच्या जवळ ठेवावं. दीड किलोला सुमारे 22 ग्रॅम म्हणजे चार सपाट चमचे होतात. बारा-पंधरा लसूण पाकळ्या, बोटभर आलं, सात-आठ ब्याडगी मिरच्या, एक चमचा जिरं, एक चमचा मिरी, दालचिनीचा तुकडा, चार-पाच लवंगा आणि थोडी हळद हे सगळं माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून घ्यावं. ज्या घरी ईस्ट इंडियनांचा बॉटल मसाला असतो त्यांनी मिरची आणि सुका मसाला वगळून तोच दोन मोठे चमचे घ्यावा. मीठ आणि वाटण आदल्या रात्री चोळून तुकडा फ्रिजमध्ये ठेवावा. व्हिनेगर फार आत शिरत नाही, त्याचं काम पृष्ठभागावरचं. मीठ मात्र रात्रभरात आतपर्यंत पोचतं आणि प्रथिनांना पाणी धरून ठेवायला मदत करतं. या एका कारणासाठी आदल्या रात्रीचा टप्पा गाळू नये. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये कांद्याच्या जाड चकत्या पसरून त्यावर चरबीची बाजू वर करून तुकडा ठेवावा, अर्धी वाटी पाणी घालावं, वर केळीचं पान आणि त्यावर घट्ट फॉइल लावावी. पान मधे असलं की आंबट मसाला थेट ॲल्युमिनियमला लागत नाही. ओव्हन 150 अंशांवर ठेवावा आणि साडेतीन तास विनाकारण दार उघडू नये. शेवटच्या तासाला बटाट्याचे मोठे तुकडे बाजूला टाकले तर वेगळी भाजी करावी लागत नाही. मग साचलेला रस एका भांड्यात ओतून घ्यावा, फॉइल आणि पान काढावं, आच 220 अंशांवर न्यावी आणि वरचा थर खरपूस होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं ठेवावं. एवढ्या वेळेपुरतं मात्र ओव्हनजवळ थांबावं. बाहेर काढल्यावर वीस मिनिटं तसंच राहू द्यावं.

झाकण घट्ट असण्यावर भर देण्याचं एक कारण आहे. उघड्यावर मंद भाजलेला खांदा 65 ते 75 अंशांच्या दरम्यान कुठेतरी अडतो. तास-दीड तास थर्मामीटरचा काटा हलत नाही. माठातलं पाणी ज्या न्यायानं गार होतं, त्याच न्यायानं मांसातून झिरपणारा रस बाष्प होत होत मांसाला थंड ठेवत असतो. नेमका तेव्हाच माणसाचा धीर सुटतो, आच वाढवली जाते आणि बाहेरचा भाग करपतो. फॉइलखाली वाफ कोंडलेली असल्यानं हा अडथळा फारसा जाणवत नाही.

आपल्या घरांत बहुधा असतो तो छोटा विजेचा ओव्हन, म्हणजे ओटीजी, आणि त्याच्या बटणावरचा आकडा आतल्या तापमानाशी जुळेलच असं नाही. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक आणि मांसात खुपसायचा थर्मामीटर या दोन वस्तूंवर केलेला खर्च महागड्या भांड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. ट्रे सगळ्यांत खालच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे वरच्या तापलेल्या कांडीचा चटका थेट बसत नाही. विजेच्या बिलाची काळजीही मापात ठेवावी. 1500 वॉटचा ओटीजी चार तास अखंड चालला तर सहा युनिट होतात. पण हवं तापमान गाठलं की थर्मोस्टॅट तो बंद-चालू करत राहतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच वीज लागते.

राहिली चरबी. खांदा हा चरबीचाच तुकडा आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. डुकराच्या चरबीत ऑलिव्ह तेलात असतं तेच ओलेइक आम्ल चाळीस टक्क्यांच्या वर असतं हे खरं असलं, तरी संपृक्त चरबीही भरपूर असते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 2015 मध्ये बेकन, हॅम, सॉसेज यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगाचं निश्चित कारण म्हटलं आणि पोर्क धरून सगळ्या ताज्या लाल मांसाला संभाव्य कारणांच्या गटात टाकलं. दोन गट वेगळे आहेत, आणि घरी भाजलेला ताजा खांदा दुसऱ्यात येतो. म्हणून तो रोज खावा असं कुणी म्हणणार नाही. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आठवड्याला शिजलेलं लाल मांस 350 ते 500 ग्रॅमच्या आत ठेवण्याचा आहे. माणशी दीडशे ग्रॅमचं एक रविवारचं जेवण त्यात आरामात बसतं, आणि बरोबर कच्च्या कोबीची व्हिनेगर घातलेली कोशिंबीर असेल तर चरबीचा तुपकटपणाही जिभेवर राहत नाही.

मांस दोन काट्यांनी धाग्याधाग्यांत सोडवून त्यावर ओतून ठेवलेला रस थोडा शिंपडावा आणि गरम पावाबरोबर वाढावं. उरलेलं मांस दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये टाकावं, रस वेगळ्या भांड्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भांड्यावर पांढऱ्या चरबीचा जाड थर आलेला दिसतो. तो सहज उचलता येतो; बटाटे परतायला चमचाभर ठेवून बाकी टाकून दिला तरी चालतो. त्याच्या खाली तपकिरी, थरथरणारी जेली असते. कापताना सुरी अडवणारे ते पांढरे पापुद्रे गेले कुठे, याचं उत्तर त्या जेलीत आहे. दोन चमचे जेली तव्यावर वितळवावी, चिरलेला कांदा आणि हिरवी मिरची टाकावी, उरलेलं मांस त्यात गरम करावं आणि कालचाच पाव चिरून मधे भरावं.